पाण्याखालचे देऊळ, तिजोरीतले चित्र

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणात निव्वळ मृतसाठा उरला, आणि इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले. शाळेला सुट्टी होती. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या माझ्या वर्गातल्या नऊ मुलींना घेऊन मी एका रविवारी सकाळीच तिथे गेले. भीमेच्या पात्रातला गाळ वाळून त्याला हातहात भेगा पडल्या होत्या, पायाखाली शिंपले कचाकच फुटत होते, आणि त्या उजाड पसाऱ्यात पळसनाथाचे शिखर उभे होते. चाळीसहून अधिक वर्षे ते पाण्यात आहे. दुष्काळी सालात बाहेर येते, पाऊस लागला की पुन्हा बुडते. मुलींनी वह्या काढल्या.

आमच्याआधी तिथे बरीच माणसे पोचली होती. एका जोडप्याचे लग्नाआधीचे शूटिंग चालले होते. फोटोग्राफरला जरा उंची हवी होती. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि गाळात आडव्या पडलेल्या एका दगडावर तो चढला. तो वीरगळ होता. खालच्या कप्प्यात झुंज, मधल्या कप्प्यात मेलेल्या वीराला हाताला धरून वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्र-सूर्य. त्याचा बूट नेमका मधल्या कप्प्यावर पडला होता. दहावीला जाणारी माझी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्युझियममध्ये असं कुणी चढलं तर वॉचमन ओरडतो ना? मग इथं कोण ओरडणार?"

मी ओरडले. तो बिचारा लगेच खाली उतरला. "ताई, मला वाटलं नुसता दगड आहे," म्हणाला. खोटे बोलत नव्हता तो. त्याला आयुष्यात कुणी सांगितलेलेच नव्हते की गावच्या वेशीवर, पारावर, देवळाच्या मागे पडलेले हे दगड म्हणजे आपल्याच माणसांची स्मारके आणि आपल्याच माणसांची शिल्पे आहेत. तीस वर्षे मी ह्या तालुक्यात चित्रकला शिकवते. त्याला न सांगणाऱ्यांत मीही आले.

त्या मुलीचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. कलासंग्रहालयांपुढच्या नीतीच्या प्रश्नांवर आज जगभर भांडणे चालू आहेत. भिंतीवरची वस्तू तिथे आली कशी? ती ज्यांची होती त्यांना विचारले होते का? इमारतीला पैसा कुणी दिला आणि तो कुठून कमावला? काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे कुणी ठरवायचे? आपल्या बारामती-इंदापूरकडची माणसे हे प्रश्न वाचतात आणि पान उलटतात. लंडन-न्यूयॉर्कच्या भानगडी आहेत, आपला काय संबंध, असे त्यांना वाटते. मला मात्र ह्यातला एकेक प्रश्न आपल्या ओसरीवर येऊन बसलेला दिसतो. संग्रहालयाने ज्या पापांसाठी मान खाली घालावी, ती सगळी आपण संग्रहालय न बांधताच करून ठेवली आहेत.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण आपले सगळे तिथूनच सुरू होते.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्यात एकशे सतरा टीएमसीच्या आसपास पाणी मावते, त्यातले त्रेसष्ट टीएमसी निव्वळ मृतसाठा. एवढे पाणी साठवायचे तर एवढी जमीन झाकावी लागते. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत ह्या तालुक्यांतली भीमाकाठची गावे त्यात गेली. माझे आजोळही गेले. आजी सांगायची, गाडीत संसार मावेना म्हणून तिने जाते मागे ठेवले, आणि पुढे कितीतरी वर्षे पहाटे जाग आली की तिला जात्याची घरघर ऐकू यायची. धरण नको होते असे मी म्हणत नाही. दुष्काळात होरपळणाऱ्या सोलापूरला पाणी हवेच होते. पण धरण बांधणाऱ्या राज्याने आणि त्याला टाळ्या वाजवणाऱ्या शिकलेल्या समाजाने बुडणाऱ्या गोष्टींचा हिशेब कसा केला? विहिरीचा, झाडांचा, पत्र्याच्या छपराचा मोबदला ठरला. शिल्पांचा रकाना यादीत होता का?

असे करता येत नव्हते, ही सबब चालणार नाही. आंध्रात कृष्णेवर नागार्जुनसागर बांधायचे ठरले तेव्हा १९५४ पासून नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे उत्खनन केले, स्तूप आणि विहारांचे अवशेष उचलून उंचावर नेले, आणि पुढे जलाशयातल्या बेटावर त्यांचे संग्रहालय उभे केले. इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या पाण्यातून अबू सिंबेलची प्रचंड मंदिरे कापून, क्रमांक घालून, १९६४ ते १९६८ ह्या काळात वर चढवली. उजनीचे काम सुरू झाले तेही ह्याच दशकात. ज्ञान होते, उदाहरण होते, शेजारच्याच राज्यातले होते. कमी पडली ती माया.

गावकऱ्यांनी त्यांना जमले ते केले. देव उचलून नव्या गावठाणात नेला. देऊळ नेणे त्यांच्या हातचे नव्हते. त्या रविवारी जाळे वाळवत बसलेले एक म्हातारे मासेमार मला म्हणाले, "बाई, देव गेला वर, पण उंबरा हितंच राहिला. उंबऱ्याबिगर कसलं घर?" मी गप्प राहिले. ज्या पाण्याखाली तो उंबरा आहे त्या पाण्यावर मोटारी बसल्या, पाइपलाइनी गेल्या, बॅकवॉटरकाठचा माळ बागायत झाला, ऊस उभा राहिला. माझ्या वडिलांच्या उसाच्या बिलातून माझे कलेचे शिक्षण झाले. आमच्या घरातली पहिली रंगपेटी त्या पाण्यातून आली आहे. परदेशातल्या संग्रहालयाला आपण खडसावतो, की तुमच्या वैभवाखाली दुसऱ्यांचे नुकसान गाडले आहे. आमच्या वैभवाखाली ते शब्दशः गाडलेले आहे, आणि दुष्काळी सालाच्या मार्च-एप्रिलात ते बाहेर येऊन आमच्याकडे पाहते. आम्ही त्याच्यापुढे सेल्फी काढतो.

जे बुडाले नाही त्याचे आपण काय केले, ते पाहा.

मी गावोगावी फिरते, जुनी देवळे पाहते. पाषाणाच्या खांबांवर ऑइलपेंटचे थरावर थर. यक्षाचे डोळे पांढऱ्या रंगाने मोठे केलेले, ओठ लाल, मिशा काळ्या. आतल्या भिंतींना बाथरूमच्या टाइल्स. मूळ उंबऱ्यावर ग्रॅनाइट. पोळीइतका पातळ पानाफुलांचा नक्षीपट्टा, जो कुणा पाथरवटाने महिनोन्‌महिने ठोकून काढला असेल, तो सिमेंटच्या गिलाव्यात गेलेला. ह्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. आणि ह्या जीर्णोद्धाराची खूण म्हणून भिंतीत संगमरवरी पाटी बसवतो. पाटीवर देणगीदारांची नावे, रकमेसह, मोठ्या रकमेचे नाव मोठ्या अक्षरात. ज्याने खांब घडवला त्याचे नाव कुठेच नाही. ज्याने तो रंगवून विद्रूप केला त्याचे नाव मात्र सोनेरी अक्षरात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या दालनांवरून सॅकलर घराण्याचे नाव काढून टाकले. त्या घराण्याच्या औषध कंपनीने व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या खपवून अमाप पैसा केला होता. चित्रकार, छायाचित्रकार, त्या गोळ्यांनी मेलेल्यांचे नातेवाईक त्या दालनांत जमिनीवर आडवे पडले, गोळ्यांच्या बाटल्या त्यांनी तिथल्या पाण्याच्या हौदात टाकल्या, आणि शेवटी ते नाव उतरवावे लागले. आता आपल्या गावात या. नदीचा तळ रातोरात खरवडून वाळू विकणाऱ्याने कळसाला पैसे दिले तर वर्गणी समितीतला कुणी हात मागे घेतो का? कमिशनच्या पैशातून सभामंडप उभा राहिला तर उद्‌घाटनाच्या जेवणाला कोण जात नाही? सावकारीने घरे उठवलेल्या माणसाच्या नावाची पाटी काढा, असे म्हणायला आपल्यातला एक तरी माणूस देवळाच्या पायरीवर आडवा पडला आहे का? उद्या आपल्याकडे कलादालन झाले तर त्याच्या दारावरची पाटी ह्याच हातांनी लागणार. म्हणून मला आजच ओरडून सांगायचे आहे की पाटी लागण्याआधी पैसा कुठला ते विचारा.

पळसदेवच्या त्या गाळात वीरगळांबरोबर सतीशिळाही आहेत. काटकोनात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात. सतीशिळेची खूण तीच. माझ्या मुली पहिल्यांदा पाहात होत्या. एकीला तो हात फार आवडला, बांगड्यांची गणती करत तिने तो सुंदर काढला. मग तिने विचारले, हा हात कुणाचा. मी सांगितले. ती पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ बसली.

सतीशिळेला आपण काय करतो? हळदीकुंकू वाहतो. नवसाला पावते म्हणतो. एका बाईला जिवंत जाळल्याचा तो पुरावा आहे, हे वाक्य मी कुठल्याही गावात, कुठल्याही दगडापाशी लिहिलेले पाहिले नाही. १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला. राजस्थानात रूपकंवरला जाळल्यावर १९८७ साली सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरले. तरी त्या दगडापुढे उदबत्ती लावताना आपल्या हाताला कंप सुटत नाही. संग्रहालयाची खरी कसोटी इथे लागते. ते हा दगड जपून ठेवील, कारण तो कलेचा नमुना आहे. पण खालच्या पाटीवर 'सतीशिळा, पाषाण' एवढेच लिहील तर तेही त्या चितेवर एक लाकूड टाकील. पाटीवर सत्य लिहा. ती बाई मेली, तिला मारले, आणि मारणाऱ्यांनी तिचा हात कोरून तिला देवी केले, असे लिहा. भक्त रागावतील. रागावू द्या.

आणि घडवणाऱ्यांचे काय? वडार, पाथरवट, कुंभार, लोहार, सुतार. ह्यांच्या हातांशिवाय ह्या भागात एक भिंत उभी राहिलेली नाही. शतकानुशतके ज्यांनी देवळाचा दगड फोडला, वाहिला, त्यांच्यातल्या आणि गावकुसाबाहेरच्या कितीकांना त्याच देवळाची पायरी चढता येत नव्हती. आपल्याच भीमेच्या काठी, पंढरपुरात, विठ्ठलाच्या देवळाची दारे हरिजनांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले. आमचे आजे-पणजे तेव्हा तिथे वारीला जात होते, आणि दारे बंद आहेत ह्याचे त्यांना काही वाटत नव्हते. म्हणून संग्रहालय ही मला नुसती जपणुकीची जागा वाटत नाही. दगड तिथे गेला की त्याच्यापुढे कुणीही उभे राहू शकते, कितीही वेळ, कुठूनही, मागून, बाजूनेही. कुणाची जात विचारली जात नाही. मूर्तीपुढचा हा मोकळा माणूस आपल्या समाजाने फार उशिरा पाहिला. पण त्या खोलीतसुद्धा राजाचे नाव, घराण्याचे नाव, संग्राहकाचे नाव लिहायचे आणि छिन्नी धरणाऱ्याच्या जागी कोरे सोडायचे, हा जुना सोवळेपणाच नव्या कपड्यांत आला म्हणायचा. नाव सापडत नसेल तर 'घडवणाऱ्याचे नाव आपण जपले नाही' असे तरी लिहा.

आता चोरीबद्दल. इंग्रजांनी नेले, हे आपल्या तोंडात सदा बसलेले वाक्य. नेलेच. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला काढला होता. उचलताना तो पडून फुटला म्हणून राहिला. १९१४ मध्ये तुकडे जोडले, आणि आज तो मुंबईत राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. फुटला म्हणून वाचला. त्याचे सांधे पाहताना मला नेहमी भडभडून येते.

पण दिवेआगरचा सुवर्णगणेश कुणा इंग्रजाने नेला नाही. १९९७ साली नारळी-पोफळीच्या बागेत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा २०१२ च्या मार्चमध्ये आपल्याच माणसांनी चोरला. दोन पहारेकऱ्यांना ठार मारले आणि मुखवटा वितळवला. शिल्पाचे सोने झाले. त्या चोरांना फाशी द्या म्हणणारे आपण, परसातला जुना नंदी ओळखीच्या माणसाने फार्महाउससाठी मागितला तर काय करतो? देऊन टाकतो. "पडूनच होता," म्हणतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू आहे, ती नोंदवायची असते, ती देशाबाहेर नेता येत नाही. ही गोष्ट आपल्या किती सरपंचांना, किती पुजाऱ्यांना, किती शिक्षकांना माहीत आहे? नोंद नाही, फोटो नाही, माप नाही. उद्या ती मूर्ती परदेशात एखाद्या काचेच्या पेटीत दिसली तर ती आपली आहे हे आपण कशाच्या जोरावर सांगणार? चोराचा सगळ्यात मोठा साथीदार ही आपली न केलेली नोंद आहे.

आणि परत आणतो तेव्हा काय होते? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला, तीन वर्षांसाठी, उसनी. शिवरायांवर माझी भक्ती कुणाहून कमी नाही. म्हणूनच मला सांगावेसे वाटते की अफजलखानाला मारताना वापरलेली वाघनखे हीच, ह्याची खात्री करता आलेली नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. ज्या अभ्यासकांनी हे आपल्याकडे बोलून दाखवले त्यांच्यावर आपण चिडलो. का? महाराजांचा मोठेपणा एका लोखंडी वस्तूवर अवलंबून आहे का? जो समाज पाटीवरचा खरा मजकूर सोसू शकत नाही, त्याच्या संग्रहालयात वस्तू खऱ्या असल्या तरी ते खोटेच राहणार.

इथवर दगड-धातूंचे झाले. माझा खरा जीव जिथे अडकला आहे ते चित्रांचे आता सांगते.

माझ्या मुली एलिमेंटरी देतात, इंटरमिजिएट देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला सात, ब ला पाच, क ला तीन. पालक मला येऊन विचारतात, "मॅडम, सात मिळतील ना?" सातासाठी मुली सफरचंद आणि तांब्या काढायला शिकतात. सात पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ह्या मुलींतल्या बहुतेकींनी मूळ चित्र, खऱ्या चित्रकाराच्या ब्रशचा फटकारा दिसणारे चित्र, कधी पाहिलेले नाही. मोबाइलवर पाहिले आहे, अंगठ्याएवढे. एखाद्या कुस्तीगीराने कुस्ती कधी पाहिलीच नाही, असे आपण चालवून घेऊ का? शाळेची सहल वॉटरपार्कला नेण्याचा ठराव एका मिनिटात होतो. मी कलासंग्रहालयाचे नाव काढते तेव्हा दरवर्षी तेच उत्तर मिळते, की मुलांना कंटाळा येतो. मुलांना न्या तर खरे. कंटाळा मोठ्यांना येतो.

आणि त्याच वेळी चित्रकार वासुदेव गायतोंडे ह्यांचे एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये सदुसष्ट कोटींना जाते. नागपुरात जन्मलेला हा मनुष्य दिल्लीत भाड्याच्या छोट्या खोलीत राहिला, वर्षाला मोजकी चित्रे काढली, २००१ मध्ये गेला. तो जिवंत असताना आपण त्याला ओळखले नाही. आता बातमीत त्याची किंमत वाचतो. चित्र वाचत नाही, कारण ते पाहायलाच मिळत नाही. लिलावात विकत घेतलेली कितीतरी चित्रे हवामान राखलेल्या गोदामांत ठेवली जातात आणि भाव वाढण्याची वाट पाहतात. चित्राला भिंत नाही, भिंतीला चित्र नाही. आपल्याकडची भिंत वाढदिवसाच्या फ्लेक्सने भरलेली आहे.

आपल्याच नदीकाठची एक गोष्ट तर मला सांगताना लाज वाटते. भीमा आपल्या इंदापूर तालुक्याला वळसा घालते, नीरा-नृसिंहपूरला नीरेला पोटात घेते आणि पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. त्या पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. त्यांच्या चित्रांतल्या देवतांच्या नग्नतेवरून त्यांच्यावर खटल्यांमागून खटले झाले, प्रदर्शने फोडली गेली. नव्वदी गाठलेल्या ह्या म्हाताऱ्याने २००६ मध्ये देश सोडला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले, आणि २०११ मध्ये लंडनमध्ये ते गेले. ती चित्रे कुणाला आवडणार नाहीत, कुणाचे मन दुखेल, हे मी समजू शकते. ज्याचे मन दुखले त्याने चित्राकडे पाठ फिरवावी, लेख लिहावा, विरोधात भाषण करावे. पण माणसाला देशोधडीला लावायचे? त्यांचे १९५४ चे ग्रामजीवनावरचे मोठे चित्र, जे अनेक दशके नॉर्वेतल्या एका रुग्णालयाकडे होते, मार्च २०२५ मध्ये शंभर कोटींहून अधिक किमतीला विकले गेले. त्या चित्रात काय आहे? बैलगाडी आहे, दळणकांडण करणाऱ्या बाया आहेत, शेतकरी आहे. आपण आहोत त्यात. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले, ते दोह्यात. पंढरपुरात नाही, पुण्यात नाही. वारीच्या वाटेवरच्या मुलाने आपल्या गावच्या चित्रकाराची चित्रे पाहायला कतारला जायचे. ह्याला कारण कोणते सरकार, कोणता पक्ष, हे शोधत बसू नका. तेव्हा गप्प राहिलेल्या घरांची यादी करा. माझे घर त्यात आहे. शाळेच्या वाचनालयात त्यांच्या चित्रांचे एक पुस्तक होते. कटकट नको म्हणून मीच ते कपाटात आत ठेवले. तो भ्याडपणा होता.

गप्प बसवण्याची कला आपण फार पुढे नेली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात प्रभाकर बरवे ह्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. बरवे म्हणजे 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे, मराठीतून चित्राचा विचार करणारे चित्रकार. उद्‌घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. दालनाच्या मुंबई आणि बंगळूर केंद्रांवरच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडल्या आणि प्रदर्शनांचा निर्णय दिल्लीतून होणार, ह्याबद्दल ते प्रश्न विचारू लागले. मंचावरून त्यांना पुन्हा पुन्हा अडवले गेले, विषयावर बोला म्हणून. कलादालनात काय लागणार हे कोण ठरवणार, हा कलादालनातला विषय नाही, तर मग कुठला? त्या दिवशी सभागृहात बसलेल्या सुशिक्षितांनी उठून 'त्यांना बोलू द्या' असे एकमुखाने म्हटले असते तर? आणि आपल्याकडच्या साहित्यसभेत, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत, पाहुणे नाराज होतील म्हणून आपण किती वक्त्यांना चिठ्ठी पाठवून खाली बसवले आहे, तेही आठवा.

असे असूनही मी निराश नाही, कारण मी औंध पाहिले आहे. सातारा जिल्ह्यातले औंध, यमाईच्या डोंगरावरचे भवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३८ मध्ये ते उभे केले. संस्थान केवढे? नकाशात शोधावे लागेल एवढे. राजा स्वतः चित्रकार. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर ह्यांची चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूरचे माय-लेकराचे शिल्पही त्या माळावर आले आहे. त्याच सुमारास ह्याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. मला ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. आपल्या मालकीचे उत्तम ते सगळ्यांना पाहता यावे, असे ज्याला वाटते त्यालाच सत्ताही वाटून द्यावीशी वाटते. पुण्यात दिनकर केळकरांनी लेकाच्या मृत्यूचे दुःख उराशी धरून दिवे, अडकित्ते, दारे, झरोके गोळा केले आणि त्या लेकाच्या नावाने ते सगळे लोकांना देऊन टाकले. मुंबईचे भाऊ दाजी लाड संग्रहालय नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींसारख्या नागरिकांनी वर्गणी उभी करून घडवले, १८७२ मध्ये लोकांना खुले केले. वर्गणी गोळा करणारे हात आपल्याकडेही आहेत. आज ते डीजेच्या भिंतीसाठी गोळा करतात.

आपले दोन तालुके गरीब नाहीत. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. कारखाने आहेत, दूधसंघ आहेत, कॉलेजांच्या इमारती अशा की पाहुणे थक्क होतात. मालोजीराजांची गढी इंदापुरात, मोरोपंतांची कर्मभूमी बारामतीत. १७९४ मध्ये त्यांनी देह ठेवला तो ह्याच कऱ्हेकाठी. इतकी संपत्ती आणि इतका वारसा एका जागी असून आपल्या मुलांना एक चांगली, उजेडाची, कोरडी खोली देता येत नसेल, जिथे गावचा वीरगळ, आजीचे जाते आणि जिवंत चित्रकाराचे आजचे चित्र शेजारी शेजारी पाहता येईल, तर आपल्याला पैशाची अडचण आहे असे कुणी मला सांगू नये.

त्या रविवारी पळसदेवला मी मुलींना नुसती चित्रे काढू दिली नाहीत. म्हणजे एक-एक काढून झाल्यावर वही फिरवायला लावली आणि रकाने आखायला सांगितले. दगड क्रमांक. लांबी, रुंदी. काय कोरले आहे. किती झिजले आहे. कुठे पडला आहे. शेवटचा रकाना एकीने स्वतःहून आखला, मालक. तो सगळ्या पानांवर कोराच राहिला, काय लिहायचे हे मलाही सांगता आले नाही. टेप एकच होता, ऊन वाढत चालले होते, अकराच्या पुढे गाळ तापायला लागला. होतील तेवढे दगड मोजून आम्ही निघालो. ते मासेमार काका शेवटपर्यंत आमच्या मागे मागे फिरत होते. गाळात आणखी दोन दगड पालथे आहेत, त्यांचे तोंड खाली आहे, ते त्यांनीच दाखवले. आम्हाला ते उलटता आले नाहीत.

जुलैत वर पुण्याकडे पाऊस लागला. दौंडचा विसर्ग वाढल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. उजनी प्लसमध्ये आल्यावर इंदापुरात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पाणी चढत गेले, दगड गेले, शिखर गेले.

वहीची एक प्रत मी एका कचेरीत दिली. पोच मिळाली, पुढे काही झाले नाही. मूळ वही शाळेतल्या माझ्या कपाटात आहे. हुसेनच्या चित्रांचे ते पुस्तक मी आतून काढून तिच्याशेजारी ठेवले आहे, पुढच्या फळीवर, काचेतून दिसेल असे. ज्याला दोन्ही पाहायचे असतील त्याने यावे. पुढच्या वेळी उजनी मायनसमध्ये गेली की आम्ही पुन्हा जाणार आहोत. ते दोन पालथे दगड उलटायला चार तरणी माणसे आणि एक पहार लागेल.